क्लास तोच, सीट वेगळी

मुंबई विमानतळावरून २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे एक बोइंग ७४७ अमेरिकेच्या दिशेने निघाले, ते परत न येण्यासाठी. उड्डाण घेतल्यावर वैमानिकाने दोन्ही बाजूंना पंख झुकवून निरोप घेतला आणि त्याची चित्रफीत मोबाइलवरून घरोघर पोहोचली. या कंपनीकडे पहिले ७४७ आले ते १९७१ साली. पुढच्या दोन पिढ्यांनी परदेश पाहिला तो या पाठीवर उंचवटा असलेल्या विमानातून, त्यामुळे लोक हळहळले यात नवल नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने तर जुलै २०२० मध्ये आपले शेवटचे ७४७ निवृत्त करताना ते आकाशात कांगारूची आकृती उमटेल अशा मार्गाने उडवले होते. निवृत्तीचा हा सोहळा सगळ्यांना दिसतो. त्यामागचा हिशेब मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि त्या हिशेबाची झळ प्रवाशाला कुठे लागते याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. जुने विमान कधी काढायचे हे कंपनीचा ताळेबंद ठरवतो. ते निघेपर्यंत आणि नवे रुळेपर्यंत काही वर्षे जातात. तेवढ्या काळात एकाच मार्गावर कधी नवे, कधी जुने विमान उडते आणि ऐनवेळी विमान बदलले की पैसे मोजलेल्या सीटऐवजी भलतीच सीट प्रवाशाच्या पदरात पडते. आपले नियम या अदलाबदलीकडे तिकिटावरच्या क्लासच्या नावापुरते पाहतात. त्यांनी प्रत्यक्ष सीटकडे पाहायला हवे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

जुने विमान म्हणजे धोक्याचे विमान, ही समजूत आधी तपासून घेऊ. विमानाचे वय नुसते वर्षांत मोजून भागत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा फार विरळ असते, म्हणून केबिनमध्ये दाब वाढवावा लागतो. त्या दाबाने विमानाचे अंग किंचित फुगते आणि खाली उतरताना पुन्हा आकसते. या एका फेरीला विमानक्षेत्रात ‘सायकल’ म्हणतात. न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाची दिवसाला एखादीच सायकल होते, तर मुंबई-गोवा-पुणे-बंगळुरू अशा छोट्या पल्ल्यांवर राबणाऱ्या विमानाच्या पाच-सहा होतात. म्हणजे वीस वर्षांचे लांब पल्ल्याचे विमान दहा वर्षांच्या छोट्या पल्ल्याच्या विमानापेक्षा कमी थकलेले असू शकते. हा धडा जगाला महागात शिकावा लागला. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांमध्ये फेऱ्या करणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा मोठा भाग उडत्या विमानातून निखळून गेला. एका हवाईसेविकेचा मृत्यू झाला, पण वैमानिकांनी उघड्या छताचे ते विमान माउई बेटावर उतरवले. विमान १९ वर्षांचे होते आणि त्याच्या तोवर ८९,६८० सायकली झाल्या होत्या. त्यानंतर जुन्या विमानांच्या सांगाड्याच्या तपासण्या कडक झाल्या आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई नियामकाने मोठ्या विमानांना सायकली व तासांची कमाल मर्यादा ठरवून घेण्याची सक्ती केली. नीट तपासण्या झालेले विमान आणखी काही वर्षे सुरक्षितपणे उडू शकते, आणि बहुतेक प्रवासी विमाने ही मर्यादा गाठण्याच्या बऱ्याच आधी निवृत्त होतात.

मग ती निवृत्त का होतात? याचे उत्तर हँगरपेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त मिळते. विमानाच्या तपासण्यांची एक उतरंड असते. ‘ए चेक’ एखाद्या रात्रीत उरकतो, ‘सी चेक’ला एक-दोन आठवडे लागतात आणि साधारण सहा ते दहा वर्षांतून एकदा ‘डी चेक’ येतो. त्यात सीटा, भिंतींचे पत्रे, स्वच्छतागृहे, स्वयंपाकाचे ओटे असे सगळे काढून विमान उघडे करतात आणि सांगाड्याचा कोपरा न् कोपरा पाहतात. या कामात विमान महिना-दोन महिने जमिनीवर राहते आणि खर्च कोट्यवधी रुपयांच्या घरात जातो. हा खर्च करून विमान आणखी किती वर्षे कमावून देईल, असा प्रश्न त्या टप्प्यावर मालक विचारतो. चार इंजिनांच्या ७४७ ला इंधन जास्त लागते आणि दोन इंजिनांची नवी विमाने तेवढाच पल्ला कमी इंधनात कापतात. विमान भाड्याचे असेल तर कराराची मुदतही जवळ आलेली असते. हे सगळे जमेला धरले की निवृत्तीची तारीख बहुधा मोठ्या तपासणीच्या तोंडावर पडते.

वय गौण असते याचा ठसठशीत पुरावा सिंगापूर एअरलाइन्सच्या पहिल्या एअरबस ए३८० ने दिला. जगातले हे सर्वांत मोठे प्रवासी विमान ऑक्टोबर २००७ मध्ये सेवेत आले. दहा वर्षांचा भाडेकरार संपला तेव्हा ते मालकाकडे परत गेले, दुसरी कोणतीही कंपनी ते घ्यायला पुढे आली नाही आणि फ्रान्समधल्या तार्ब येथे ते सुट्या भागांसाठी मोडले गेले. दहा वर्षे म्हणजे विमानाच्या हिशेबाने भर तारुण्य. अमेरिकेच्या डेल्टाने आपल्या बोइंग ७७७ विमानांत नुकत्याच नव्या, दार लागणाऱ्या बिझनेस क्लासच्या सीटा बसवल्या होत्या. तेवढ्यात करोना आला आणि २०२० मध्ये तो अख्खा ताफाच निवृत्त झाला. याच्या उलट लुफ्तान्साने ए३८० कायमची काढल्यासारखी करून ठेवली होती. पुढे प्रवासी वाढले, बोइंगचे नवे ७७७-९ वर्षानुवर्षे लांबले आणि २०२३ मध्ये हीच विमाने साठवणुकीतून बाहेर काढून पुन्हा आकाशात न्यावी लागली. निवृत्ती ही ताफ्याच्या नियोजनातली एक नोंद असते. बाजार फिरला की ती नोंद खोडता येते.

निवृत्त विमानाचे पुढे काय होते, हे पाहिले की कंपनीच्या लेखी कशाला किती मोल आहे तेही कळते. अमेरिकेत मोहावी, व्हिक्टरव्हिल, मराना, रॉझवेल, स्पेनमध्ये तेरुएल, ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज ही विमाने ठेवण्याची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. हवा कोरडी, पाऊस नावापुरता, जागा मुबलक. त्यामुळे धातूला गंज चढत नाही. विमान येऊन उभे राहिले की इंजिनांची तोंडे आणि खिडक्या झाकतात, टाक्यांतले इंधन काढतात. गिऱ्हाईक मिळाले तर ते दुसऱ्या कंपनीकडे किंवा मालवाहतुकीत जाते. नाही मिळाले तर ते मोडायला घेतात. पहिला मान इंजिनांचा, कारण जुन्या विमानाच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो. मग चाकांचा संच, शेपटीतले छोटे इंजिन, कॉकपिटमधली उपकरणे, पंप, झडपा असे शेकडो भाग एकेक करून उतरतात. प्रत्येक भागाबरोबर त्याची कागदपत्रे चालतात. तो कधी बनला, किती सायकली वापरला, कोणी दुरुस्त केला याची सलग नोंद नसेल तर चकचकीत भागही भंगाराच्या भावाने जातो. २०२३ मध्ये लंडनच्या एका व्यापारी कंपनीने जुन्या इंजिनांचे भाग खोट्या प्रमाणपत्रांवर विकल्याचे उघड झाले, तेव्हा जगभरच्या विमान कंपन्यांना आपापल्या इंजिनांतले ते भाग शोधून काढावे लागले होते. उरलेल्या सांगाड्यातले ॲल्युमिनियम वितळवले जाते. प्रवाशांच्या सीटांना या सगळ्यात जवळजवळ किंमत नसते. त्यांचा कपडा झिजलेला, रचना त्या एका कंपनीपुरती. बहुतेक सीटा थेट भंगारात जातात.

सीटच्या या शून्य किमतीतच प्रवाशाच्या गैरसोयीचे मूळ आहे. तीन-चार वर्षांत जे विमान काढायचे आहे त्यात नव्या सीटा बसवायला कोणताही शहाणा व्यवस्थापक पैसे घालणार नाही, कारण विमान विकताना त्यातली दमडीही परत येणार नाही. म्हणून निवृत्तीकडे झुकलेल्या विमानाचे इंजिन आणि सांगाडा काटेकोर तपासला जातो, पण सीटचा बिघडलेला पडदा, अडकलेली पाठ, दबलेली गादी तशीच राहते. नव्या सीटा बसवायच्या ठरवल्या तरी ते सतरंजी बदलण्याइतके सोपे काम नसते. १९८८ पासून अमेरिकेच्या नियमांत नव्या रचनेच्या विमानांतल्या सीटांसाठी गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट धक्का सोसण्याची चाचणी आहे. आगीचा निकष वेगळा, डोके आपटल्यास होणाऱ्या इजेचा निकष वेगळा, वजन आणि तोल यांचे गणित वेगळे, आणि संकटात विमान दीड मिनिटात रिकामे करता येईल अशा वाटा राखणे वेगळे. दार लागणाऱ्या बिझनेस सीटमध्ये मोटारी, तारा, पडदे, दिवे सगळे ठासून भरलेले असते, त्यामुळे तिचे प्रमाणपत्र आणखी अवघड होते. लुफ्तान्साला २०२५ मध्ये नवीकोरी बोइंग ७८७-९ विमाने मिळाली, पण बिझनेस सीटांची प्रमाणपत्रे पूर्ण नसल्याने २८ पैकी बहुतांश जागा सुरुवातीला विकताच आल्या नाहीत. विमान तयार आणि सीट अडलेली, अशी ही गत.

आपल्याकडे या सगळ्याचे जवळून दिसणारे उदाहरण म्हणजे एअर इंडिया. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये २७ बोइंग ७८७-८ आणि १३ बोइंग ७७७ यांचे अंतरंग ४० कोटी डॉलर खर्चून बदलण्याची योजना जाहीर झाली. सीटांचा पुरवठा जगभर रखडला आणि त्यातले पहिले ७८७ कामासाठी कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला गेले ते जुलै २०२५ मध्ये. मधल्या काळात मागणी भागवायची म्हणून कंपनीने इतरांची विमाने भाड्याने घेतली. त्यात पाच विमाने डेल्टाने निवृत्त केलेली ७७७-२०० एलआर होती. अमेरिकेत जी नकोशी झाली तीच भारतातून अमेरिकेला प्रवासी नेऊ लागली, आणि गंमत अशी की कंपनीच्या स्वतःच्या विमानांपेक्षा त्यांचे अंतरंग किती तरी चांगले होते. एकाच प्रकारच्या विमानाची दोन रूपे पाहा. एअर इंडियाच्या मूळ ७७७-२०० एलआरमध्ये फर्स्ट क्लासच्या ८, बिझनेसच्या ३५ आणि इकॉनॉमीच्या १९५ अशा २३८ जागा होत्या. डेल्टाकडून आलेल्या ७७७-२०० एलआरमध्ये बिझनेसच्या २८, प्रीमियम इकॉनॉमीच्या ४८ आणि इकॉनॉमीच्या २१२ अशा २८८ जागा होत्या. तिकिटावर विमानाचे नाव तेच, पण एकात फर्स्ट क्लास होता तर दुसऱ्यात नव्हता, एकात प्रीमियम इकॉनॉमी होती तर दुसऱ्यात नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा विस्ताराची विमाने ओळखता यावीत म्हणून त्यांच्या उड्डाणांचे क्रमांक २ ने सुरू होणारे ठेवावे लागले. प्रवाशाला आपल्यासमोर कोणते विमान येणार हे कळण्याची गरज कंपनीलाही पटली होती, असाच याचा अर्थ.

आता विमान प्रत्यक्ष बदलते तेव्हा काय घडते ते पाहू. समजा, दिल्ली-लंडन उड्डाणासाठी एअरबस ए३५० ठरले आहे. त्यात बिझनेसच्या २८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या २६४ मिळून ३१६ जागा आहेत आणि सगळ्या विकल्या गेल्या आहेत. सकाळी त्या विमानात बिघाड निघतो आणि जुन्या अंतरंगाचे बोइंग ७८७-८ उपलब्ध होते. त्यात बिझनेसच्या १८ आणि इकॉनॉमीच्या २३८ अशा २५६ जागा आहेत. संगणकात विमान बदलले की जुना सीटचा नकाशा पुसला जातो आणि सगळ्यांना नव्याने जागा वाटल्या जातात. कोण नेहमीचा प्रवासी, कोणाचे भाडे जास्त, कोणाचे पुढचे विमान जोडलेले, कोणाबरोबर लहान मूल, अशा निकषांवर क्रम लागतो. बिझनेसचे १० आणि प्रीमियमचे सगळे २४ जण खाली येतात. इकॉनॉमीच्या २३८ जागांसाठी आता २९८ दावेदार असतात, म्हणजे ६० जण दुसऱ्या उड्डाणाची वाट पाहतात. खिडकीची किंवा जास्त पाय पसरता येणारी सीट ज्यांनी जादा पैसे भरून घेतली होती, त्यांचा क्रमांक बोर्डिंग पासवर बदललेला असतो. आणि बिझनेसमध्ये ‘टिकून राहिलेले’ १८ जण? त्यांनी ए३५० मधली दार लागणारी, थेट मार्गिकेत उघडणारी सीट विकत घेतली होती. मिळते ती दोन-दोन-दोन रचनेतली, जिथे खिडकीपाशी बसलेल्याला शेजाऱ्याचे पाय ओलांडून बाहेर पडावे लागते.

नियम यातल्या कोणाला काय देतो? भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू केलेल्या तरतुदीनुसार प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खालच्या क्लासमध्ये बसवले तर देशांतर्गत उड्डाणात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय उड्डाणात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. ही टक्केवारी युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमातल्या टक्केवारीशी जुळते. तिथे पैसे सात दिवसांत द्यायचे बंधन आहे, आणि २०१६ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही रक्कम पूर्ण तिकिटावर न मोजता ज्या उड्डाणात क्लास घसरला त्याच्या भाड्यावर मोजायची असा निर्वाळा दिला. अमेरिकेने २०२४ च्या नियमात क्लास घसरणे हा उड्डाणातला मोठा बदल मानला. प्रवाशाने प्रवास नाकारला तर पैसे परत, केला तर भाड्यातला फरक. आपला नियम त्या तुलनेत कमकुवत नाही. आपल्या उदाहरणातल्या खाली आलेल्या ३४ जणांना तो चांगले संरक्षण देतो. पण वर राहिलेल्या त्या १८ जणांच्या तिकिटावर ‘बिझनेस’ लिहिले होते आणि मिळाले तेही ‘बिझनेस’. म्हणून त्यांच्या हाती वाटाण्याच्या अक्षता. शिवशाहीचे आरक्षण केलेल्याला लालपरीत बसवून ‘बस ती बसच’ असे एसटीच्या वाहकाने सांगितले तर गाडीत केवढा गोंधळ उडेल याची कल्पना करून पाहा.

खुर्चीकडे पाहण्याचे तत्त्व आपल्या नियामकाला परके नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये डीजीसीएने एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड केला. त्यामागच्या कारणांत आंतरराष्ट्रीय बिझनेस क्लासमधल्या नादुरुस्त सीटांवर प्रवास करावा लागलेल्या प्रवाशांना भरपाई न देणे, हे एक कारण होते. क्लास तोच असूनही सीट कामाची नसेल तर पैसे परत द्यावे लागतात, हे म्हणजे मान्यच झाले. मग सपाट पलंग होणारी सीट बिघडली तर भरपाई, आणि तिच्या जागी मुळातच तोकडी सीट आली तर काहीच नाही, हा फरक कोणत्या तर्काने टिकतो?

कंपन्यांचा पहिला आक्षेप असा की आम्ही सीट विकत नाही, प्रवास विकतो, आणि विमानाचा प्रकार वा सीटचा क्रमांक यांची हमी देत नाही असे आमच्या अटींमध्ये लिहिलेले आहे. लिहिलेले आहे हे खरे. पण याच कंपन्या सीटचा नकाशा दाखवून खिडकीचे वेगळे पैसे घेतात, पुढच्या रांगेचे वेगळे घेतात, जास्त पाय पसरता येण्याचे त्याहून जास्त घेतात आणि जाहिरातीत नव्या केबिनची छायाचित्रे लावतात. विकताना सीट हा माल आणि द्यायची वेळ आली की ती शोभेची बाब, असे दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाहीत. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. विमान बदलण्याची मुभा नसेल तर उड्डाणे रद्द होतील आणि प्रवाशांचे आणखी हाल होतील. हे पूर्णपणे मान्य करायला हवे. बिघडलेल्या विमानाऐवजी धडधाकट विमान देणे हे चांगल्या कंपनीचे लक्षणच आहे आणि सुरक्षेच्या निर्णयावर पैशाचा दबाव येता कामा नये. पण मागणी बदलाला बंदी घालण्याची नाहीच, बदलाची किंमत कोणी सोसायची एवढाच प्रश्न आहे. त्याच क्लासमधल्या कमी प्रतीच्या सीटबद्दल भाड्यातला फरक परत करणे हे उड्डाण रद्द करून सगळ्यांचे पैसे, हॉटेल आणि दुसरी तिकिटे देण्यापेक्षा किती तरी स्वस्त पडते. त्यामुळे या भरपाईच्या भीतीने कोणी उड्डाण रद्द करील हे संभवत नाही.

शिवाय सगळे बदल अचानक होत नाहीत. विमानाचा बिघाड सकाळी कळतो, पण जुने विमान कोणत्या महिन्यात काढायचे, कोणते कधी अंतरंग बदलायला पाठवायचे, भाड्याचे कधी परत करायचे हे वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरते. त्या वेळापत्रकापायी झालेला बदल हा दैवी आपत्तीच्या खात्यात टाकता येत नाही. तरीही दोन्ही बदलांना आज एकच उत्तर मिळते, ते म्हणजे ‘ऑपरेशनल कारण’. तिसरा आक्षेप मोजमापाचा आहे. आराम ही सापेक्ष गोष्ट, ती नियमात कशी मांडायची? आराम सापेक्ष असेल, पण सीट सपाट होते की नाही, तिथून थेट मार्गिकेत उतरता येते की नाही, दोन रांगांमधले अंतर किती इंच, पडदा चालतो की नाही, हे सगळे मोजता येते. कंपन्या स्वतःच आपल्या संकेतस्थळांवर ही मापे अभिमानाने छापतात.

हा सगळा बिझनेसवाल्यांचा चोचलेपणा आहे, असे कोणी म्हणेल. त्यालाही उत्तर आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुला-मुलींकडे जाणारे सत्तरीतले कितीतरी मराठी आई-वडील गुडघ्यांचा विचार करून प्रीमियम इकॉनॉमी किंवा जास्त जागेची सीट घेतात. मुंबईहून न्यूयॉर्कचा प्रवास पंधरा तासांहून अधिक. जादा सीटसाठी भरलेली रक्कम विमान बदलल्यावर आपोआप परत यायला हवी, पण ती मागावी लागते, आणि मागायची असते हेच अनेकांना माहीत नसते. कुटुंबाने एकत्र घेतलेल्या जागा विखुरल्या जातात. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकापैकी किमान एकाशेजारी बसवा असे बजावले, ते अशा तक्रारी आल्यामुळेच. भाडे वाढेल ही भीतीही तपासून पाहावी. आजही त्या तोट्याची किंमत कोणी तरी मोजतोच आहे, आणि तो कोणी म्हणजे ज्याच्या नशिबी विमान बदलले तो प्रवासी. ती सर्वांच्या भाड्यात रुपया-दोन रुपयांनी पसरली तर न्याय अधिक होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीला जुनी केबिन चालू ठेवण्याची किंमत वहीत दिसू लागेल. आज ती तिथे कुठेच लिहिलेली नसते, म्हणून सीट बदलण्याचे काम यादीत नेहमी शेवटी राहते.

म्हणून डीजीसीएने आपल्या २०२३ च्या तरतुदीत चार गोष्टींची भर घालावी. तिकीट विकताना विमानाच्या नावाबरोबर केबिनची रचना सांगणे सक्तीचे असावे, म्हणजे ‘७७७’ एवढ्यावर भागणार नाही. आधी ठरलेल्या ताफाबदलामुळे सीटची प्रत उतरत असेल तर प्रवाशाला दंडाशिवाय तारीख बदलण्याची किंवा पैसे परत घेण्याची मुभा असावी. ऐनवेळच्या बदलात क्लास तोच राहिला पण मोजता येणारी सोय कमी झाली, तर भाड्याचा ठरावीक हिस्सा परत मिळावा. आणि हे पैसे, जादा सीटच्या रकमेसह, न मागता सात दिवसांत खात्यावर जमा व्हावेत. यातली एकही गोष्ट विमान बदलण्याच्या कंपनीच्या अधिकाराला हात लावत नाही.

नियम बदलेपर्यंत प्रवाशाने आपल्या हातात आहे ते करावे. तिकीट काढताना दिसलेला सीटचा नकाशा आणि विमानाचा प्रकार यांचे छायाचित्र ठेवावे, जादा सीटची पावती वेगळी जपावी, प्रवासाच्या आदल्या दिवशी नकाशा पुन्हा उघडून पाहावा. क्लास घसरला तर काउंटरवरच तसे लेखी घ्यावे आणि ७५, ५० की ३० टक्के यापैकी आपल्याला कोणते लागू होते ते सांगून मागावे. ‘पुढच्या वेळी वापरा’ म्हणून दिलेल्या कूपनावर समाधान मानू नये. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारचे एअरसेवा पोर्टल आणि त्यानंतर ग्राहक आयोग आहे. जुनी विमाने जातील, नवी येतील, मधली वर्षे अशीच सरमिसळीची असतील. त्या वर्षांचा खर्च कंपनीच्या वहीत लिहिला जावा यासाठी प्रवाशाने आपला हक्क दर वेळी लेखी मागितला पाहिजे.